बाईछाप रियाल

आमच्या खानदानाचा नियम एकच आहे, आणि एकच असल्यामुळे तो आम्हाला लक्षात राहतो: फातेहा पढली की बात पक्की. बाकी सगळं आमच्याकडे मोडतं. मंगण्या मोडल्या, कसमा मोडल्या, एकदा तर अब्बा आणि चाचाने अंगणात मधोमध चुन्याची रेघ मारली आणि ती पहिल्याच बकरीने मोडली. पण दुआला हात वर झाले, फातेहा झाली, गूळ-खोबरं वाटलं गेलं, की मग मागे फिरायची कुणाची हिंमत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी एकदा सुरू झाले की मधे थांबत नाही, तुम्हाला माहितीय.

तर दादाअब्बा गेले, त्यांच्या चाळिसाव्या दिवशी नजमुद्दीन चाचाने भर पडवीत दिलदारी केली होती. चाचा म्हणजे अब्बांचा धाकटा भाऊ. अर्धं आयुष्य कुवेतला. दर खेपेला सगळ्यांना टॉवेल आणतो, इम्पोर्टेड. एकदा मी टॉवेलाची चिठ्ठी उलटी करून बघितली, सोलापूर. मी काही बोलले नाही, टॉवेल चांगला होता. तर चाचा उभा राहिला आणि मशिदीच्या खतीब साहेबांसमोर म्हणाला, "सुपारीची वाडी आम्हा दोघा भावांकडं राहू दे. जैबू आपाला सगळे रियाल. अख्खा डबा. बहिणीचा हक आम्ही खाणार न्हाय."

लोकांचे डोळे भरून आले. आमच्या अब्बांचे सगळ्यात आधी. अब्बांचे डोळे असेच आहेत, कुणी मोठ्याने बोललं तरी भरतात.

जिला हा हक मिळत होता, ती जैबुन्निसा फुफी तेव्हा मागच्या दारी देग घासत होती. नवऱ्याने सोडलं तेव्हापासून फुफी याच घरात. अब्बा माणगावला हार्डवेअरच्या दुकानात, चाचा कुवेतला, मग इथे सुपारी कोण उतरवून घेत होतं, वाडी कोण शिंपत होतं, दादाअब्बांची गादी कोण उन्हात टाकत होतं, ते झाडांना विचारा. चाचाचा मुलगा मुसअबसुद्धा तिनेच वाढवला. बालवाडीपासून दहावीपर्यंत. चाचा-चाचींना कुवेतमध्ये शाळा महाग वाटत होती ना.

आणि चाचाचा बेत काय होता, तर वाडीत होमस्टे. खालच्या अंगाला, विहिरीपाशी, सुपाऱ्या तोडून चार खोल्या. "आणि आपा हायच की किचनला," असं तो चाळिसाव्याच्याच दिवशी चाचीला म्हणाला होता. म्हणजे स्वतःच्याच वाडीत फुफी मुंबईकरांना सोलकढी वाढणार, आणि वर ते तिला 'मावशी, जरा तिखट कमी' म्हणणार.

फुफी बाहेर आली, हात पुसले आणि म्हणाली, "बघू."

खतीब साहेबांनी पण जीभ आवरली, म्हणजे फातेहाच्या बाबतीत, जेवणाच्या बाबतीत नाही. म्हणाले, "बंद डब्यावर फातेहा पढत नसतात, नजमुद्दीन. आधी मालाची किंमत करा."

म्हणून हा रविवार.

*

आता त्या डब्याबद्दल. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात मांजरपाटाची पिशवी, आणि पिशवीत चोवीस रियाल. एका बाजूला एक गुबगुबीत बाई, डोक्यावर ओढणी, खांद्याशी मोत्यांचा बिल्ला. म्हणून आमच्याकडे त्यांना बाईछाप म्हणतात. दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा पक्षी, एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे. लहानपणी मला वाटायचं ते अब्बा आणि चाचा आहेत. खाली साल, १७८०.

परदादांनी हे रियाल एडनहून आणले, ही आमची खानदानी गोष्ट. गलबतावर गेले, खजूर भरले, वादळात सापडले, एका अरब शेखाचा जीव वाचवला, शेखाने खूश होऊन पिशवी दिली. दर ईदेला गोष्ट थोडी वाढते. गेल्या ईदेला शेख बुडत होता, या ईदेला त्याच्या मागे मासा पण होता.

मी एकदा विचारलं होतं, "चाचा, परदादा तर गांधीजींच्या वेळचे ना? मग सतराशे ऐंशी कसं?"

चाचा म्हणाला, "शेखाच्या घरी जुने पडले असतील. हिशेब तुझ्या कॉलेजात ठेव, इनशा."

आणि त्याने माणगावच्या पेंटरकडून बोर्ड करून आणला. लाल पत्रा, सोनेरी अक्षरं. 'नजमुद्दीन हेरिटेज होमस्टे. सन १७८० पासून.' होमस्टेची एक वीट नव्हती, पण इतिहास तयार होता. रविवारी तो बोर्ड पडवीतच भिंतीला टेकवून ठेवला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, फक्त '१७८०' एवढं बाहेर.

*

रविवारच्या आधीचा शनिवार रुकय्या चाचीचा. ही हकिकत मला तिनेच सांगितली, नंतर, रडत, म्हणून खरी धरा.

चाचीला एकच काळजी होती, की आपाने डबा नको म्हटलं तर. डबा उघडून बघितला तर रियाल काळेकुट्ट. जणू चुलीतून काढलेले. आता अशी कळकट चीज बघून कोण वाडी सोडेल? चाचीने पातेलं घेतलं, पातेल्यात भांड्यांसाठी ठेवलेली आमसुलं कोळली, वर मूठभर मीठ टाकलं, आणि चोवीसच्या चोवीस बाया त्यात बुडवल्या. सकाळी राखेने खसखसून घासल्या. आमच्याकडे तांब्याचा हंडा असाच निघतो, मग चांदीने काय पाप केलंय?

रविवारी पिशवी ओतली तेव्हा पडवीत उजेड पडला. खरंच. जणू कुणी स्टीलच्या वाट्या मांडल्या.

"माशाअल्लाह," खतीब साहेब म्हणाले.

"खानदानी चांदी हाय," चाची म्हणाली आणि आपली लाल पडलेली बोटं पदराखाली घेतली.

आणि मग मुसअब आला. तळोज्याला एका गोदामात सुपरवायझर आहे, पण गेले दोन महिने नाण्यांचा एक्स्पर्ट. कुठे शिकला विचारू नका, फोनवर. सफेद हातमोजे घातलेले, तेच जे केकवाले घालतात. डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग, हातात छोटा काटा. पडवीत आला, सलाम केला आणि डाव्या कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून बसला. तिथेच बसणार. आमच्या अख्ख्या घरात फोनला रेंज त्या एका खांबाजवळ येते, बाकी ठिकाणी फोन म्हणजे बॅटरी.

मी त्याच्या बाजूला बसले. रेंज मला पण हवी होती.

"बघ बेटा," चाचा म्हणाला. छाती अशी, की नाणी त्यानेच पाडलीत. "नीट बघ. फुफीच्या हकाचा मामला हाय."

मुसअबने पहिला रियाल उचलला. "व्हीएफ," तो म्हणाला.

"म्हंजे?" अब्बांनी विचारलं.

"व्हेरी फाइन, बडे अब्बू. थोडी घिसलीय, पण डिझाइन क्लिअर." दुसरं उचललं. "ही एक्सएफ, त्याच्याही वरची. ही बघा, ओढणीच्या घड्या दिसतायत. आणि हिला," तिसरं उलटंपालटं केलं, "हिला कडी होती वर. हारात घातली असणार कुणी. कडी काढलीय, इथे डाग आहे. कंडिशन डाउन."

"परदादीने घातला असंल," फुफी म्हणाली. ती दाराशी बसून सुपारी कातरत होती. "तिचा एक हार होता असा."

"तर ती फाइन. व्हेरी नाही."

"परदादी पण तशीच होती," अब्बा म्हणाले. अब्बांचा विनोद असा येतो, वर्षातून एकदा, आणि नेमका कुणाचं लक्ष नसताना.

मग वाजवून बघणं झालं. ते अब्बांचं काम. पाट्यावर एकेक आपटला, कान लावला, मान डोलावली. "खणखणीत हाय," प्रत्येक वेळी. चोवीस वेळा खणखणीत. खतीब साहेबांचा डोळा लागत होता, दर आपटीला उघडत होता.

आणि मग मुसअबने भिंग काढून पुसलं, परत लावलं, आणि बाईच्या खांद्यावर बोट ठेवून मोजायला लागला. ओठ हलत होते. मोजून झालं, परत मोजलं.

"नऊ," तो म्हणाला. "अब्बू, बिल्ल्यावर नऊ मोती आहेत. अरबस्तानातले व्यापारी हेच मोजायचे. नऊ म्हणजे खरा माल. आणि साल सतराशे ऐंशी." त्याने फोन काढला, कुठलीतरी वेबसाइट दाखवली. "हे बघा, ओरिजिनल. एक पीस, तीन लाखांच्या वर."

"सगळ्यांचे?" चाचाने विचारलं.

"एकेकाचे."

पडवीतल्या सगळ्यांनी एकदम नाण्यांकडे बघितलं. फक्त फुफीचा अडकित्ता चालू होता. कट, कट.

*

आता इथे दोन मिनिटं चाचाच्या डोक्यात चला, तिथे बरीच गर्दी झाली होती.

चाचाला आयुष्यभर वाटत आलंय, की दादाअब्बांनी त्याला कुवेतला पाठवलं आणि स्वतः मात्र अब्बांवर आणि फुफीवर प्रेम केलं. डबा त्याने आपाला देऊन टाकला, कारण त्याला वाटलं जुनी चांदी आहे, खानदानी नाव आहे, तोंडभरून 'लाखांचा माल' म्हणायचा आणि वाडी मोकळी करायची. लाख हा त्याच्यासाठी बोलायचा शब्द होता. आणि आता पोटच्या पोराने त्या शब्दाला भिंग लावलं. चोवीस गुणिले तीन. चाचाने बोटांवर केलं, मग मनात केलं, मग चाचीकडे बघितलं. चाचीने ते आधीच केलं होतं.

नागावला समुद्राला लागून एक प्लॉट आहे, तो त्याने मागच्या सुट्टीत नुसता बघितला होता. कुंपणाला हात लावून आला होता. तिथे होमस्टे नाही, रिसॉर्ट होईल. बनाना राइड, घोडागाडी, सगळं. या वाडीत काय, मच्छर.

"आपा," चाचा म्हणाला, एकदम मऊ. "मी काय म्हणतो, तुला एवढी जोखीम कशाला? एकटी बाई तू. घरात एवढा माल. आजकाल दिवस कसे हायत."

"व्हय, कालच बोर्लीत चोरी झाली," चाची म्हणाली.

"कुठं?" अब्बांनी विचारलं.

"झाली असंल."

खतीब साहेब पुरते जागे झाले. "पण नजमुद्दीन, तूच तर दिलेस."

"दिले. दिलेच." चाचा पुढे सरकला. "पण शरियतने बहिणीचा पाचवा हिस्सा, खतीब साहेब. हे तर पाचव्यापेक्षा कितीतरी जास्त होतात. हक कमी देणं गुनाह हाय. तसा जास्त देऊन मरहूम अब्बांच्या आत्म्याला का तकलीफ द्यायची?"

मला हसू येत होतं, पण चीड जास्त येत होती. बघा ना, काल डबा कळकट होता तेव्हा फुफीचा. आज चमकला, लगेच शरियत आठवली. आणि अब्बा, माझे सख्खे अब्बा, मान हलवत होते. दुकानाच्या छपराचा पत्रा बदलायचा होता त्यांना, ते मला त्या मानेच्या हलण्यातच दिसलं.

"मग फुफीला काय देणार?" मी विचारलं.

"मोठ्यांच्यात बोलू नको," अब्बा म्हणाले.

"मीच बोलते," फुफी म्हणाली. अडकित्ता खाली ठेवला. "रियाल तुम्ही दोघं घ्या. सगळे. मना एक पण नको. मना खालची वाडी द्या. विहिरीसकट, आणि वर ही मागची खोली. माझ्या नावावर."

चाचाने एकदा अब्बांकडे बघितलं, एकदा नाण्यांकडे. खालची वाडी तेवढीच त्याला कालपर्यंत हवी होती. पण आज त्याच्याकडे नागाव होतं.

"विहीर पण?" त्याने विचारलं. सवय असते ना, काहीतरी घासाघीस करायची.

"विहिरीशिवाय वाडी काय तुझ्या टॉवेलाने शिंपू?"

"बरं, विहीर पण."

आणि इथे, ऐका, इथे अब्बा हलले. मला त्यांच्याबद्दल जे काय वाटत होतं त्यातलं अर्धं मी तिथेच मागे घेतलं. ते उठून फुफीच्या बाजूला जाऊन बसले, गुडघे वाजले त्यांचे. हळू म्हणाले, "जैबू, विचार कर. लाखांचा माल सोडतंस तू. मागून म्हणशील, भावाने मना फसवली. थोडे तरी घे. दहा घे."

"भाईजान, ती बोलली ना," चाचा म्हणाला.

"तू थांब, नजमू. ती आपली बहीण हाय."

"म्हणून तर. बहिणीची जबान हाय. खतीब साहेब, फातेहा पढा. नंतर हिचं मन बदलेल आणि तुम्ही सगळे मना बोल लावाल." चाचाने चाचीला खूण केली. चाची गूळ-खोबरं आणायला एवढ्या वेगाने गेली, की मोरीतली बादली उलटली.

"आठ दिवस थांबू या," अब्बा म्हणाले.

"मना न्हाय थांबायचा," फुफी म्हणाली.

फुफी नुकसान करून घेतेय, अख्खं खानदान बघतंय, आणि मी तोंडात गुळणी धरून बसलेय. मी तोंड उघडणार होते. शप्पथ. 'फुफी, नको' एवढं ओठावर आलं होतं.

तेवढ्यात मुसअबचा फोन थरथरला.

त्याने मघाशी खांबापाशी बसूनच रियालांचे फोटो काढून त्याच्या नाणेवाल्यांच्या ग्रुपमध्ये टाकले होते, भाव खायला. आता उत्तर आलं. मी बाजूलाच होते, खांबाला टेकून. वाचायचं नव्हतं, पण अक्षरं मोठी ठेवतो तो, काय करणार.

'भाई, १७८० सगळ्यांवर असतं. नाण्यावरची बाई म्हणजे ऑस्ट्रियाची राणी, ती त्या साली गेली. नंतर दीडदोनशे वर्षं तेच साल टाकून छापत राहिले, कारण अरब लोक दुसरं घ्यायचेच नाहीत. बारीक खुणांवरून तुझे तर मुंबई टांकसाळीचे वाटतात. १९४०-४१.'

खाली अजून एक. 'आणि यांना लोणचं कुणी घातलं? चांदीचा भाव येईल फक्त.'

मुसअबने वाचलं. मग परत वाचलं. कानापर्यंत लाल झाला. खतीब साहेब पाय आवरून बसत होते, डोक्यावर टोपी सारखी करत होते. मुसअबने वर बघितलं. समोर त्याचे अब्बू, डोळ्यांत नागाव. दाराशी फुफी, मांडीवर सुपाऱ्यांचं सूप. पाचवीत त्याला टायफॉइड झाला तेव्हा हिच्या मांडीवर हे सूप नव्हतं, हा होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आमचं लहानपणापासून पटत नाही, त्याने माझी सायकल विहिरीत टाकली होती.

त्याने फोन उलटा करून मांडीखाली सरकवला. हातमोजे काढले आणि हात वर केले.

मी पण केले.

खतीब साहेबांनी फातेहा पढली, सावकाश, प्रत्येक शब्द नीट. नंतर मराठीत पण सांगितलं, कुणाला काय मिळालं, म्हणजे पुढे कुणी 'मना कळलाच न्हाय' म्हणू नये. "आमीन," सगळे म्हणाले. सगळ्यात मोठा आमीन मुसअबचा होता. चाचाने कौतुकाने मान वळवली, की पोरगा दीनदार झाला, धर्माला लागला.

*

गूळ-खोबरं फिरलं. चाचाने रियाल पिशवीत भरून घेतले, एकेक, फुंकर मारून. मग खुशीत म्हणाला, "मुसअब, तुझ्या त्या ग्रुपवाल्यांना विचार की. बघू दे लोक काय म्हणतात. जळत असतील."

"आलंय अब्बू उत्तर," मुसअब म्हणाला.

"वाच ना. मोठ्यांदा वाच."

मुलाने आज्ञा पाळली. मोठ्यांदा वाचलं. मुंबई टांकसाळीशी आला तेव्हा अब्बा पाणी पीत होते, ते पाणी पाट्यावर सांडलं. चाचाने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"मुंबई? कुठली मुंबई?"

"आपलीच," मुसअब म्हणाला. "फोर्टातली."

म्हणजे बघा. परदादा गलबतावरून गेले, वादळ काढलं, शेख वाचवला, मासा मारला, आणि एवढ्या लांबून काय आणलं, तर मुंबईचा माल. मला एकदम ते सोलापूरचे टॉवेल आठवले आणि मी तोंडात खोबरं कोंबलं. रक्त आहे शेवटी, कुठे जाणार.

"तरी किती येतील?" चाची म्हणाली.

मुसअबने काट्यावर ठेवलं, फोनवर भाव बघितला. "सगळे मिळून एक स्कूटी येईल, अम्मी. हेल्मेट आपलं आपण. धुतले नसते तर हौशी लोकांनी थोडे जास्त दिले असते. कुणीतरी घासलेत."

चाचीने हात पदराखाली अजून आत घेतले. आमसुलाचा रंग मोठा वाईट.

"फातेहा परत पढू," चाचा म्हणाला. "खतीब साहेब, हे गैरसमजात झालं. पोराची चूक हाय."

खतीब साहेबांच्या तोंडात गूळ होता. त्यांनी तो पूर्ण विरघळू दिला. "नजमुद्दीन, मी म्हणालो होतो आधी किंमत करा. तू केलीस. घाई पण तूच केलीस. तुझा भाईजान म्हणत होता आठ दिवस थांबू. आणि आमीन तर तुझ्याच घरातून सगळ्यात मोठा आला."

"आपा." चाचा फुफीकडे वळला. आता तो मऊ नव्हता. "तुला ठाऊक होतं. तू मना बनवलंस."

"मना काय ठाऊक असणार?" फुफी म्हणाली. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं, तिचं तोंड बघून कळत होतं, तिला तर मुंबई टांकसाळ म्हणजे काय तेपण कळलं नव्हतं. "मी धरून चालले की तीन-तीन लाखांचे असतील."

"मग? तरी सोडलेस?"

"तुझे लाख मी कुठं ठेवू, नजमू? रियालाला शिंपून सुपारी लागंल का?" तिने सूप उचललं. "अब्बा जाताना पण विचारत होते, खालचा पाट फुटलाय तो बांधलास का. त्यांनी डब्याचं एकदा पण विचारलं न्हाय."

अब्बांचे डोळे भरले, पण या वेळी कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

मग चाचाच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. तो हळूच मुसअबकडे वळला. "हा मेसेज आला कधी?"

"आत्ताच."

"आत्ता म्हंजे? फातेहाच्या आधी की नंतर?"

"काय माहीत, अब्बू. रेंज कुठे आहे आपल्या गावात," मुसअब म्हणाला. डाव्या कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून.

चाचा गेली बावीस वर्षं कुवेतला आहे. त्याला खांबाचं माहीत नाही.

फुफीला माहीत आहे. ती त्या खांबाकडे बघत होती, मग मुसअबच्या पाठीकडे, मग माझ्याकडे. मी लगेच नाण्यांच्या पिशवीकडे बघायला लागले. फुफी आत गेली, तवा ठेवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पहिलं घावन मुसअबच्या ताटात पडलं. खतीब साहेब समोर बसलेले असताना. आमच्या घरात असं कधी झालेलं नाही. दुसरं पण त्याच्याच ताटात पडलं.

"मना पण दे की," खतीब साहेब म्हणाले.

"देते. पोरगा सकाळपासून मोती मोजतोय."

*

चाचा परवा कुवेतला गेला. रियाल बरोबर नेले, तिकडे कुणीतरी कदर करेल म्हणाला. म्हणजे मुंबईत पाडले, एडनला गेले, गलबतातून गावात आले, आता विमानाने परत अरबांकडे. जाताना चरे पडू नयेत म्हणून एका टॉवेलात गुंडाळले होते.

निघताना फुफीने त्याला डब्यात नारळाच्या वड्या दिल्या, कुरकुर न करता. त्यानेही घेतल्या, कुरकुर करत. गाडीत बसला तेव्हा फुफी खिडकीशी गेली. "नजमू, तो बोर्ड नेत न्हाय ना तू?"

"काय करू नेऊन?"

"मग राहू दे. पत्रा चांगला हाय."

रविवार आला की मुसअब हल्ली तळोज्याहून येतो. पाट बांधायला. तुम्ही विचाराल, त्याने आपल्या अब्बूंना सांगितलं का. नाही. मी पण नाही सांगितलं, आणि तुम्हीही सांगायचं नाही, नाहीतर माझ्या दुसऱ्या सायकलचं पण काही खरं नाही.

काल त्याने तो बोर्ड डोक्यावर घेतला आणि खालच्या वाडीत विहिरीपाशी नेऊन चार दगडांवर आडवा टाकला, सोनेरी अक्षरं वर करून. फुफी वाळवायच्या सुपाऱ्यांची टोपली घेऊन मागून आली आणि थांबली.

"उलटा कर."

"का, फुफी? छान दिसतंय. सतराशे ऐंशी."

"रंग कच्चा हाय त्याचा," फुफी म्हणाली. "सुपारीला लागंल."

त्याने उलटा केला.